सामायिक टेबलावरचा तिरंगा आणि भावाचा फोटो: ऑफिसचा नवा नियम आलाय, काय करावं?

पूर्व_भागातली (प्रश्न)

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या एका कारखान्याच्या ऑफिसात मी एक्स्पोर्टची कागदपत्रं बघते. इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, शिपिंग बिल, बँकेचे एलसीचे, म्हणजे पैशांच्या हमीपत्राचे कागद. आधी प्रत्येकाचं स्वतःचं टेबल होतं. आता संध्याकाळची पाळी सुरू झाली आणि माझ्याच टेबलावर माझ्यानंतर दुसरं कुणीतरी बसतं.

माझ्या टेबलावर तीन गोष्टी असतात. एक, छोटा कापडी तिरंगा, लाकडी बैठकीवर उभा. दोन, माझ्या धाकट्या भावाचा फोटो. तो फौजेत आहे. कसम परेड, म्हणजे ट्रेनिंग संपल्यावरची शपथेची परेड, झाल्यावर त्यानं आपली टोपी आईच्या डोक्यावर ठेवली आणि तिला सॅल्यूट केला, तेव्हाचा तो फोटो. आई कॅमेऱ्याकडं बघतच नाहीये, त्याच्याकडं बघतेय. तीन, चार हुतात्म्यांचं एक जुनं चित्र, आजोबांच्या पेटीतलं. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. हे सोलापूरकरांना सांगायला नको, पण बाहेरचे लोकही वाचतात म्हणून लिहिते: १९३० च्या आंदोलनानंतर या चौघांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिली. आजोबा दरवर्षी त्या दिवशी चार हुतात्मा पुतळ्यापाशी जायचे. आता मी जाते.

ऑफिसात बाकीच्यांचंही सामान असतंच. कुणाचा सिद्धरामेश्वरांचा फोटो, कुणाचे मार्कंडेय महर्षी, कुणाच्या मुलीनं काढलेलं चित्र. एकानं सिंहांच्या राजमुद्रेचं स्टिकर फाइलींच्या ट्रेवर चिकटवलंय. हे सगळं नीट चाललं होतं. मग एकानं एका पुढाऱ्याचं मोठं कॅलेंडर टेबलामागच्या भिंतीवर लावलं, दुसऱ्यानं त्याच्याशेजारी विरोधी पक्षाच्या पुढाऱ्याचं लावलं, आणि जेवणाच्या सुट्टीत त्यावरून आवाज चढले. दुसऱ्या दिवशी नोटीस लागली: टेबलावर आणि भिंतीवर कुठलीही वैयक्तिक वस्तू नको, महिनाअखेरपर्यंत सगळं घरी न्या.

म्हणजे पुढाऱ्यांच्या भांडणात माझा तिरंगाही निघणार. मला हे सहन होत नाही. ज्या गावच्या नगरपालिकेवर एप्रिल १९३० मध्ये, इंग्रजांच्या राज्यात, तिरंगा चढला, त्या गावात तो टेबलावरून उतरवायला सांगतात आणि पुढाऱ्याच्या कॅलेंडरच्या रांगेत बसवतात! त्यात परवा सकाळी आले तर झेंडा ड्रॉवरमध्ये, स्टेपलर आणि पंचिंग मशीनच्या खाली दबलेला. संध्याकाळच्या पाळीतल्या कुणी ठेवला ते माहीत नाही. मी रडकुंडीला आले.

ऑफिसातला एक जण म्हणतो, सरळ पोलिसांत जा, राष्ट्रध्वजाच्या अपमानाचा कायदा आहे. मला नोकरी टिकवायची आहे, पण मान खाली घालून नाही. झेंडा काढायला लावणं हा अपमान होतो का? माझा हक्क आहे का? आणि भावाच्या फोटोचं काय?

कामगार_वकील_सोलापूर

ताई, पोलिसांत जाऊ नका.

१९७१ चा राष्ट्रीय सन्मानाच्या अपमानास प्रतिबंध करणारा कायदा कडक आहे, तीन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. पण त्यात गुन्हा कशाला म्हटलंय ते बघा: सार्वजनिक ठिकाणी किंवा लोकांच्या नजरेसमोर ध्वज जाळणं, फाडणं, विद्रूप करणं, पायदळी तुडवणं, जाणूनबुजून जमिनीला टेकवणं, केशरी पट्टा मुद्दाम खाली करून लावणं, त्यावर काहीबाही लिहिणं. टेबलावरचा ध्वज घरी न्या असं सांगणारी नोटीस यात कुठंच बसत नाही. ड्रॉवरमध्ये ठेवणाऱ्यानं चूक केली, पण अपमान करायच्या हेतूनं केली असं तुम्हालाही वाटत नसावं.

आता हक्काचं. लोक उद्योगपती नवीन जिंदल यांच्या निकालाचा दाखला देतात, तो अर्धाच वाचून. रायगडला, म्हणजे आताच्या छत्तीसगडातल्या रायगडला, त्यांच्या कारखान्याच्या ऑफिसवर ते तिरंगा लावत होते आणि सरकारी अधिकाऱ्यांनी ध्वजसंहितेचं नाव घेऊन हरकत घेतली. २३ जानेवारी २००४ ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की मानानं आणि प्रतिष्ठेनं राष्ट्रध्वज फडकावणं हा घटनेच्या कलम १९(१)(अ) मधल्या अभिव्यक्ती स्वातंत्र्याचा भाग आहे, वाजवी बंधनांच्या अधीन. नीट बघा, हा हक्क नागरिकानं सरकारविरुद्ध मागितला होता, आणि तिथं झेंडा लावणारा स्वतःच कंपनी चालवणारा होता. तुमच्या बाबतीत जागा मालकाची, टेबल मालकाचं, आणि नियम सगळ्यांना सारखा. या निकालाच्या जोरावर खासगी ऑफिसातलं टेबल मागता येईल असं मला वाटत नाही. नोटीस फक्त तुमच्या एकटीसाठी असती, किंवा एका धर्माचे फोटो काढले आणि दुसऱ्याचे ठेवले असते, तर मी वेगळा सल्ला दिला असता.

मात्र २००२ ची भारतीय ध्वजसंहिता तुमच्या उपयोगाची आहे, वेगळ्या अंगानं. ध्वज सन्मानाच्या जागी आणि ठळक दिसेल असा हवा. त्याच्यापेक्षा उंच, त्याच्यावर किंवा बरोबरीनं शेजारी दुसरा झेंडा नको. मळका, फाटका ध्वज लावायचा नाही. टेबलावर ठेवायचा ध्वज हे प्रमाणित मापांतलं सगळ्यात लहान, १५० बाय १०० मिलीमीटर. लांबी-रुंदी कायम ३:२. डिसेंबर २०२१ च्या दुरुस्तीनंतर पॉलिस्टरचा आणि यंत्रावर विणलेलाही चालतो. आता या अटी डोळ्यांसमोर ठेवून स्वतःलाच विचारा: फाइली, चहाचे कप, डबा आणि दोन पाळ्यांची माणसं असलेलं टेबल ही सन्मानाची जागा होते का?

आणि त्या ट्रेवरच्या स्टिकरवाल्यांना सांगा, राजमुद्रेसाठी २००५ चा वेगळा कायदा आहे. खासगी कंपनीच्या कागदांच्या ट्रेवर ती नसलेलीच बरी.

रात्रपाळी_बिलिंग

मी एका दवाखान्यात बिलिंगला आहे, तेही इथंच सोलापुरात. आमचं टेबल तीन पाळ्यांत फिरतं. ताई, तुमच्या जागी संध्याकाळी येऊन बसणाऱ्याच्या बाजूनं मला बोलायचंय, कारण तो माणूस इथं लिहिणार नाही.

आमच्याकडं सकाळच्या बाईंनी काऊंटरच्या टेबलावर झेंडा ठेवला होता. मला त्याचा काही त्रास नव्हता, मलाही तो आवडायचा. पण मी रात्री तिथंच डबा खातो. पेशंटचे नातेवाईक पैसे मोजत असतात, कुणी रडत असतं, कुणी काऊंटरवर हात आपटतं. रक्ताच्या रिपोर्टची पाकिटं तिथंच पडतात. झेंड्यासमोर हाडं चघळत बसणं मला बरोबर वाटेना. म्हणून मी तो रोज रात्री उचलून कपाटावर, स्वच्छ कागदावर ठेवायचो आणि सकाळी निघताना परत टेबलावर. कुणी सांगितलं नव्हतं, मनानंच करायचो.

एका सकाळी गडबडीत तो कपाटावरच राहिला. मग सगळ्यांदेखत प्रश्न आला, "झेंडा कुणी हलवला?" आणि कुणी काही बोलायच्या आत दोघातिघांच्या नजरा माझ्याकडं वळल्या. माझं नाव ऐकलं की तुम्हाला कळलं असतं का वळल्या ते. माझ्या आधीच्या पाळीतल्या मुलानं तसाच हलवला असता तर "अरे, वर राहिला वाटतं" इतकंच झालं असतं.

मी कुणावर राग धरून सांगत नाही. त्या बाई नंतर स्वतः येऊन बोलल्या, चांगल्या आहेत. पण त्या दिवसापासून मी तो झेंडा हातात घ्यायला घाबरायला लागलो. माझ्याच देशाचा झेंडा. ही भीती मला फार लागली. दुसऱ्यानं ठेवलेल्या, पण मला रोज सांभाळाव्या लागणाऱ्या वस्तूत आणि माझ्या स्वतःच्या वस्तूत हा फरक असतो. देवाच्या फोटोंचंही तेच. कुणाच्या देवाला मी कसा हात लावू, कुठं सरकवू, पुसू का नको, रोज विचार करावा लागतो.

तुमचा झेंडा ज्यानं ड्रॉवरमध्ये ठेवला त्याला कदाचित तेल सांडेल याची धास्ती असेल. त्याला एकदा विचारा, सगळ्यांसमोर नको.

निवृत्त_सुभेदार

जय हिंद. फोटोबद्दल लिहितो, कारण त्यावर कुणी बोललं नाही.

बेटा, कसम परेडचा फोटो म्हणजे घरातली सगळ्यात मोठी वस्तू, मला माहीत आहे. माझ्या आईच्या डोक्यावरही माझी टोपी होती. पण आधी भावाला विचार. फोटोत त्याच्या छातीवरची नावाची पट्टी, खांद्यावरची रेजिमेंटची खूण, मागं ट्रेनिंग सेंटरची पाटी दिसते का ते बघ. तुमच्या ऑफिसात ट्रान्सपोर्टवाले, कुरियरवाले, एजंट येत असतात आणि हल्ली कुणीही मोबाइल काढून फोटो घेतो. जवानाची युनिट, पोस्टिंग, सुट्टी कधी, या गोष्टी अनोळखी माणसासमोर नकोत, हे आम्हालाही शिकवलं होतं आणि आता तर सोशल मीडियामुळं जास्तच सांभाळावं लागतं. कुणी कौतुकानं विचारलं, "कुठं असतो भाऊ?" तर "फौजेत असतो" एवढंच उत्तर. त्यापुढं एक शब्द नाही.

ड्रॉवरच्या आतल्या बाजूला, डब्याच्या झाकणात, पर्समध्ये ठेव. किंवा त्याचा साध्या कपड्यातला फोटो टेबलावर ठेवायला परवानगी माग.

जवानांसाठी ऑफिसात काही करायचं असेल तर ७ डिसेंबर ध्यानात ठेव, सशस्त्र सेना ध्वजदिन, १९४९ पासून पाळतात. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन निधीची माहिती घे. त्या दिवशीचा छोटा ध्वज लाल, गडद निळा आणि फिका निळा असतो, तिन्ही दलांचा. त्या पैशातून शहिदांच्या घरच्यांना आणि माजी सैनिकांना मदत होते. तुमच्या ऑफिसातल्या प्रत्येकानं त्यात थोडं घातलं तर मला ते टेबलावरच्या झेंड्याइतकंच मोलाचं वाटेल.

मागावरचे_अण्णा

अक्का, तुमचं वाचून दोन दिवस डोक्यात तेच फिरायलंय. मी उभा जन्म मागावर काढला. आधी कामगार, मग जॉबर. आता डोळ्यांनी तुटलेला धागा दिसत नाही म्हणून घरी आहे.

आमच्या शेडात हरेक मागाला एक फोटो होता. मार्कंडेय, सिद्धेश्वर, रूपाभवानी, अजमेरचा दर्गा, कुणाचा बाप. कापसाचे बारीक तंतू उडून उडून आठ दिवसांत फोटो पांढरा व्हायचा, कामगार पाळी संपताना आपल्या सदऱ्याच्या टोकानं पुसायचा. पाळी बदलली की दुसरा गडी त्याच मागावर यायचा. त्याचा देव दुसरा. भांडणं झाली. एकानं दुसऱ्याचा फोटो काढून खाली ठेवला, त्यावरून काम बंद पडलं. मालक म्हणाला, सगळेच काढा. आम्ही म्हातारी माणसं बसलो आणि ठरवलं, दरवाज्याजवळ एक फळी मारायची, सगळ्यांचे देव तिथं, आणि मागावर फक्त माग. ज्याचा फोटो त्यानं पुसायचा, न पुसला तर घरी न्यायचा. खंडेनवमीला मात्र मागाची पूजा मागावरच, सगळ्यांनी मिळून. हे पुढं कायम चाललं.

पण झेंडा त्या फळीवर नव्हता. ते आम्ही मुद्दाम ठरवलं होतं. झेंडा गेटवर चढायचा, १५ ऑगस्टला आणि २६ जानेवारीला, आणि त्याचा राखणदार एक माणूस होता. तो झेंडा घरी धुवायचा, घडी करून पत्र्याच्या पेटीत ठेवायचा, आदल्या दिवशी काढून शिलाई तपासायचा. दोरी ओढायचा मान शेडातल्या सगळ्यात जुन्या कामगाराला. मालकाला नाही. मालकानंही ते मान्य केलं होतं.

आता माझं म्हणणं ऐका, रागावू नका. तुम्ही भावाच्या फोटोचं आणि झेंड्याचं एकच गाठोडं बांधलंय, तिथं अडकायलंय सगळं. भावाचा फोटो तुमचा आहे. तुमची माया आहे, ती मागायला तुम्हाला कुणाच्या कायद्याची गरज नाही. मॅनेजरला सरळ सांगा, माझा भाऊ फौजेत आहे, त्याचा एक हातभर नव्हे, वीतभर फोटो मला कामाच्या जागी हवा, पाळी संपली की मी ड्रॉवरमध्ये ठेवते. कुठला माणूस नाही म्हणेल? आणि म्हणालाच तर त्या फोटोसाठी भांडा, सगळे तुमच्या बाजूनं उभे राहतील. मुलीचं चित्र लावणारासुद्धा.

झेंडा एकटीचा म्हणून मागू नका. तुमच्या टेबलावर असला तर तो "त्या बाईंचा झेंडा" होतो. मग तो हलवला की तुमच्यावर हल्ला, आणि वर त्या पोरानं लिहिलंय तसं, हलवणारा गुन्हेगार. कुर्बान हुसेन यांच्या गावात एका पोराला झेंडा हातात घ्यायची भीती वाटावी, हे वाचून मला रात्री झोप लागली नाही. अक्का, चौघांची नावं तुम्ही लिहिलीत. लिंगायत, मारवाडी, मराठा, मुसलमान, चौघं एकाच फाशीवर गेले. तेव्हाच्या झेंड्यावर अशोकचक्र पण नव्हतं, चरखा होता, वर पांढरा, मधे हिरवा, खाली लाल पट्टा. मे महिन्यात मार्शल लॉ लागला आणि तोच झेंडा मिरवायला बंदी झाली. माझ्या आज्जीनं सांगितलेलं, लोक झेंडा घडी करून धान्याच्या कणगीत लपवायचे. कुणाच्या घरात कुणाचा झेंडा लपवलाय ते कोण विचारत नव्हतं.

तर मॅनेजरकडं ऑफिसचा झेंडा मागा. एकच. आत शिरताना दिसेल अशा जागी, उंचावर, आसपास दुसरं काही नको. कॅलेंडर नको, देव नको, कंपनीचं बक्षीस पण नको. आणि राखण दोन्ही पाळ्यांत वाटून घ्या, एक महिना सकाळचा माणूस, एक महिना संध्याकाळचा. धूळ पुसायची, रंग उडाला की सांगायचं. ज्याच्याकडं राखण आहे त्यानंच हात लावायचा असं नको, कुणीही लावावा. पण जबाबदार एक माणूस पाहिजे. हुतात्म्यांचं चित्र देवाच्या फळीवर नको, पुढाऱ्याच्या भिंतीवर नको, १२ जानेवारीला एक दिवस नोटीस बोर्डावर लावा.

पूर्व_भागातली

सगळ्यांचे मनापासून आभार. अण्णा, तुम्ही "अक्का" म्हणालात तेव्हाच अर्धा राग उतरला, आमच्याही घरात तेलुगूच बोलतात.

संध्याकाळच्या मुलाशी मी काल एकटीच बोलले. बिलिंगवाल्या दादांनी लिहिलं तसंच निघालं. त्याच्या डब्यातला रस्सा एकदा टेबलावर सांडला होता, म्हणून त्यानं झेंडा आत ठेवला. वर स्टेपलर नंतर कुणीतरी टाकलं. तो म्हणाला, "मॅडम, मला वाटलं आत सेफ राहील."

आज अर्ज दिलाय. त्यात तीन मागण्या लिहिल्या. रिसेप्शनच्या डाव्या भिंतीजवळ उंच स्टँडवर ऑफिसचा एक तिरंगा, दोन्ही पाळ्यांतून राखण. प्रत्येकाला ड्रॉवरचा एक कप्पा कुलपासह, त्यात ज्याला जे ठेवायचं ते ठेवू दे. आणि १२ जानेवारीला चार हुतात्म्यांचं चित्र नोटीस बोर्डावर. खाली संध्याकाळच्या पाळीतल्या पाचही जणांच्या सह्या आहेत, पहिली सही त्या मुलाची. भावाला फोन केला, तो म्हणाला फोटोत नावाची पट्टी दिसते, टेबलावर नको. म्हणून कप्प्याच्या आत लावणार.

एका गोष्टीत मात्र मी अण्णांशी सहमत नाही. हुतात्म्यांचं चित्र एका दिवसापुरतं का? देवाच्या फळीवर नको, पुढाऱ्याच्या भिंतीवर नको, हे पटतं. पण सोलापूरच्या ऑफिसात ते वर्षभर असायला हवं, आणि हे मी मागत राहणार. यंदा १२ जानेवारी मान्य झाली की पुढच्या अर्जात तेच लिहीन.

शेवटची शंका: माझा जुना झेंडा फिका पडलाय, ड्रॉवरमध्ये दबून एक कडाही उसवली. तो आता लावता येणार नाही. त्याचं काय करू? कचऱ्यात टाकायचा नाही एवढं कळतं.

निवृत्त_सुभेदार

शाब्बास बेटा.

फाटलेला किंवा मळलेला ध्वज पूर्णच्या पूर्ण नष्ट करायचा, तुकडे करून नाही. एकांतात, मान राखून, शक्यतो जाळून. घराच्या गच्चीवर किंवा अंगणात, स्वच्छ भांड्यात, कुणाला दाखवायला नाही, मोबाइलवर शूटिंग तर मुळीच नाही. तो खादीचा आहे की पॉलिस्टरचा ते आधी बघ. पॉलिस्टर वितळतो, धूर घातक असतो, लहान मुलं जवळ नकोत आणि वारा पाठीमागून असू दे.

नवा घेताना माप नीट घे. स्टँडवर ऑफिससाठी टेबलाचा १५० बाय १०० चा फार लहान पडेल, ४५० बाय ३०० किंवा ९०० बाय ६०० मिलीमीटरचा घ्या. आपल्या भागातून खादीचा हवा असेल तर नांदेड आणि हुबळी या दोन ठिकाणी खादीचे राष्ट्रध्वज तयार होतात. हुबळी आपल्याला रेल्वेनं सोपं पडतं. खादी भांडारात चौकशी करून मागवलात तर महिनाभर आधी सांगा, ऑगस्टच्या तोंडावर गर्दी असते.